म्हातारीचा धूर आणि चर्चचे बारा झगे

शनिवारी दुपारी लाडोनाने चर्चच्या गायकवृंदाचे बारा पांढरे झगे अंगणातल्या दोरीवर वाळत घातले, ओले हात पुसले आणि नवऱ्याला बजावलं, "मी चर्चमध्ये बटाटे सोलायला चाललेय. उद्या सुगीची प्रार्थना आहे. झग्यांना हात लावायचा नाही."

"मी कशाला लावतोय?" व्हर्लिन म्हणाला.

"आणि शेडमधल्या तुझ्या म्हातारीलाही."

म्हातारी म्हणजे व्हर्लिनचा जुना ट्रॅक्टर. चाळीस वर्षं तिने मिनेसोटातली ती काळीभोर जमीन नांगरली आणि चाळीस वर्षं तिचा तितकाच काळा धूर व्हर्लिनने छातीत भरून घेतला. धूर येतोय म्हणजे इंजिन पोटभर जेवतंय, असं त्याचं शास्त्र होतं. मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "दिवसाला किती सिगारेटी?" जन्मात एकही सिगारेट न ओढलेल्या व्हर्लिनच्या ते फार जिव्हारी लागलं. लाडोनाला मात्र ते धुराचं काम असल्याचं कळलं. महिन्याभरात धूर गाळणारा नवा ट्रॅक्टर दारात उभा राहिला. म्हातारीला शेडमध्ये राहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. तिला पुन्हा चालू करायचं नाही. केलं, तर ती ओर्विलची.

ओर्विल हा लाडोनाचा भाऊ. तो जुने ट्रॅक्टर जमवायचा, घासूनपुसून गावच्या मिरवणुकीत काढायचा आणि एरवी ताडपत्रीखाली झाकून ठेवायचा. म्हातारीकडे तो असा काही बघायचा की व्हर्लिनला उठून शेडचं दार लावून घ्यावंसं वाटायचं.

नव्या ट्रॅक्टरशी व्हर्लिनचं सूत काही जुळलं नव्हतं. एक तर त्याला डिझेलबरोबर युरियाचं पाणी पाजावं लागे. पिकाला घालायचं ते इंजिनाला घालायचं, हे व्हर्लिनच्या बुद्धीला पटत नव्हतं. त्यात धुराच्या गाळणीत काजळी साठली की ट्रॅक्टर मधूनच ती जाळून टाकायला निघे. मग पंखा घोंघावायचा, धुराड्यातून भट्टीसारखी धग यायची आणि व्हर्लिनला वाटायचं, आता हा फुटतो. म्हणून काजळी जाळायचा दिवा लागला रे लागला, की तो शेजारचं 'आत्ता नको'चं बटण दाबून मोकळा व्हायचा. आठवडाभर मक्याची काढणी चालू होती आणि आठवडाभर ट्रॅक्टर विचारत होता आणि व्हर्लिन 'आत्ता नको' म्हणत होता.

लाडोनाची गाडी वळणाआड गेली आणि ट्रॅक्टरने विचारणं सोडून दिलं. त्याने एक लांबलचक शिट्टी मारली, सगळे दिवे लावले आणि अंगातलं बळ काढून घेतलं. गोगलगायीसारखं रखडण्यापलीकडे तो काही करीना. मक्याने भरलेली शेवटची गाडी अंगणात उभी होती. रात्री पाऊस येणार होता. मका पत्र्याच्या कोठारात चढवायचं यंत्र फिरवायला दमदार ट्रॅक्टर हवा होता. व्हर्लिनने दुकानातल्या मेकॅनिकला, टॅमीला फोन लावला. तिने उचलला नाही. त्याने निरोप ठेवला आणि शेडकडे पाहिलं.

"अर्ध्या तासाचं तर काम," तो स्वतःशी म्हणाला. माणूस खड्ड्यात पडायच्या आधी बहुधा हेच म्हणतो.

म्हातारी पहिल्या झटक्याला नुसती खोकली. दुसऱ्या झटक्याला थरथरली. तिसऱ्या झटक्याला तिने वर्षभर कोंडलेलं सगळं एकदम बाहेर टाकलं. धुराड्याच्या तोंडाशी उंदरांनी केलेलं गवताचं घरटं तोफेच्या गोळ्यासारखं उडालं आणि त्यामागोमाग काळ्याकुट्ट धुराचा लोट निघाला. व्हर्लिनला क्षणभर भरून आलं. काय तो आवाज! त्याने तिला अंगणात आणून यंत्राला जोडलं, मका खडाखडा कोठारात चढला, गाडी रिकामी झाली, त्याने म्हातारी बंद केली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि मागे वळून पाहिलं.

दोरीवरचे झगे चर्चचे वाटत नव्हते. कोळशाच्या खाणीतून सुटी झाल्यासारखे ते बाराही जण रांगेत उभे होते.

व्हर्लिन दोरीकडे धावला. त्याने झगे ओढून काढले आणि धुण्याच्या यंत्रात कोंबले. पहिलं पाणी काळं निघालं. दुसरंही काळं. तिसरं राखाडी. यंत्राच्या नळीतून मोरीत पडणाऱ्या त्या पाण्याकडे बघत तो उभा राहिला आणि नकळत त्याचा हात छातीवर गेला. अर्ध्या तासात बारा झग्यांचं हे झालं, आणि आपण तर चाळीस वर्षं तिच्या मागे बसलो. त्याला खोकला आला. तो त्याने गिळला.

झगे शेवटी पांढरे निघाले, पण ओले निघाले. ऊन कलत आलं होतं, हवा सर्द झाली होती. घरात वाळवणीचं यंत्र होतं, पण मागे एकदा कुणीतरी झगे अशाच यंत्रात घातले, ते आखडले आणि त्या नाताळात गायकवृंदाचे गुडघे अख्ख्या गावाने पाहिले होते. तेव्हापासून झगे लाडोनाच्या ताब्यात होते आणि वाऱ्यावरच वाळत होते. व्हर्लिन ओल्या झग्यांची टोपली घेऊन अंगणात सैरभैर उभा असताना फोन वाजला. टॅमी होती.

"व्हर्लिन, काजळी जाळायचा दिवा लागत होता का?"

"लागायचा अधूनमधून."

"मग तुम्ही काय करत होतात?"

"काही नाही," व्हर्लिन म्हणाला. तसं ते खरंच होतं.

"तेच तर! गाळणी गच्च भरलीय. ट्रॅक्टर मोकळ्यावर लावा, आसपास गवतकाडी नको. तेच बटण आता उलट बाजूला दाबून धरा. तो उभ्या उभ्या सगळी काजळी जाळेल. फक्त धुराड्याच्या जवळ जाऊ नका. भट्टीसारखी गरम हवा येते."

"काळी?"

"छे हो! गाळलेली. पांढरा रुमाल धरलात तरी डाग पडायचा नाही."

"आणि किती वेळ येते?"

"तासभर. का?"

"काही नाही," व्हर्लिन म्हणाला. "तासभर बरा आहे."

औषध आठवडाभर त्याच्या अंगठ्याखाली होतं आणि तो गावभर वैद्य शोधत होता. त्याने रखडत रखडत नवा ट्रॅक्टर अंगणाच्या मधोमध खडीवर आणला. पुढच्या, माती उचलायच्या बकेटमध्ये लांब पाईप आडवा साखळीने बांधला, त्यावर बारा झगे हँगरला लावून अडकवले आणि बकेट वर उचलली. वारा मागून पुढे होता. धुराड्यापासून झगे चांगले दूर होते. त्याने बटण दाबून धरलं. पंखा घोंघावला, ऊन ऊन हवेचा झोत निघाला आणि बाराही झगे बाह्या पसरून संध्याकाळच्या आकाशात डोलू लागले.

नेमक्या त्याच वेळी रस्त्याने चर्चच्या धर्मगुरू, पास्टर मारिट यांची गाडी आली. गाडी हळू झाली. थांबली. काच खाली आली. पास्टरबाईंनी आधी वर पाहिलं, मग खाली व्हर्लिनकडे पाहिलं. त्या भागात कुणी कुणाला भलतं विचारत नाही आणि वाईटाला तोंडावर वाईट म्हणत नाही.

"हे..." पास्टरबाई शब्द शोधत म्हणाल्या, "वेगळंच आहे."

व्हर्लिनला कानफटात बसल्यासारखं झालं. 'वेगळंच आहे' याच्यापेक्षा कडक शब्द त्या गावात नव्हता. गेल्या वर्षी एका नव्या सुनेच्या रश्शाला कुणीतरी 'वेगळाच आहे' म्हटलं होतं, तर ती दोन रविवार चर्चला आली नव्हती.

"वारा छान आहे ना," तो म्हणाला.

"हो, छान आहे," पास्टरबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

लाडोना परत आली तेव्हा झगे कडकडीत वाळून दोरीवर परत आले होते आणि व्हर्लिन पायरीवर बसून आकाशाकडे बघत होता. तिने एक बाही चिमटीत धरली. उलटी केली. वास घेतला.

"वाईट नाहीत," ती म्हणाली.

गावातली सगळ्यात मोठी शाबासकी होती ती. व्हर्लिन रात्री पोटभर जेवला. नवा ट्रॅक्टरही पाखरासारखा हलका पळत होता. गंगेत घोडं न्हालं, असंच त्याला वाटलं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी आणि खजुराच्या वड्या फिरत होत्या. लाडोना कॉफी ओतत होती. पास्टर मारिट कप पुढे करत मनापासून म्हणाल्या, "झगे काय पांढरेशुभ्र निघालेत, लाडोना! तुझी ती ट्रॅक्टरला टांगायची पद्धत... मी आधी कधी पाहिली नव्हती."

लाडोनाचा हात जरासुद्धा हलला नाही. कप भरला तिने. मग वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"व्हर्लिन."

"हं."

"म्हातारी?"

व्हर्लिनने वडीकडे बघत होकारार्थी मान डोलावली.

"अट आठवते ना? ओर्विल तिकडे बसलाय. जाऊन बोल."

व्हर्लिन उठला. जाता जाता मात्र त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गावात कुणी काही देऊ केलं तर माणूस पहिल्यांदा नको म्हणतो, दुसऱ्यांदाही नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. वडी असो की जमीन, रीत एकच.

"ओर्विल," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमची म्हातारी तू घेऊन जा."

ओर्विलच्या हातातली वडी कपात पडली. "छे छे! तुझी एवढी लाडकी ती. नको."

"अरे, ने की."

"नको, खरंच नको," ओर्विल म्हणाला आणि तिसऱ्या आग्रहाची वाट बघत ताठ बसला.

"बरं बाबा," व्हर्लिन म्हणाला. "तू म्हणतोस तर राहू दे." आणि त्याने खुर्ची ओढून कॉफीचा घोट घेतला.

दुसऱ्या 'नको'वर थांबलेला माणूस त्या गावाने पाहिलेला नव्हता. ओर्विलचं तोंड उघडं ते उघडंच. वाट चुकलेल्या वासरासारखा तो बहिणीकडे बघायला लागला. लाडोना शांतपणे किटली घेऊन आली, भावाचा कप भरला आणि म्हणाली, "ओर्विल, घेऊन जा रे."

"आता तू एवढं म्हणतेसच तर..." ओर्विल एका दमात म्हणाला.

व्हर्लिनला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मोरीतलं ते काळं पाणी त्याला आठवलं, आणि घोट गिळून त्याने श्वास घेतला तर तो खोलवर, न अडकता गेला. लाडोनाने जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याला फार बरा वाटला.

सोमवारी सकाळी छान ऊन पडलं होतं. लाडोनाने घरातल्या सगळ्या चादरी धुऊन दोरीवर घातल्या आणि दोघं पायरीवर कॉफी प्यायला बसले. ओर्विल आला. चेहरा नवऱ्यामुलासारखा फुललेला. तो शेडमध्ये गेला, म्हातारीवर चढला, किल्ली फिरवली. म्हातारी खोकली, थरथरली आणि माहेर सुटल्यासारखा तिने एकच हंबरडा फोडला. काळा लोट अंगणभर पसरला. त्यातून ओर्विलचा हात आनंदाने हलताना दिसला आणि धूर, ओर्विल आणि म्हातारी तिघंही रस्त्याला लागले.

लाडोना दोरीकडे बघत राहिली.

"वेगळंच आहे," ती अखेर म्हणाली.

व्हर्लिन उठला आणि नव्या ट्रॅक्टरवर चढून आत डोकावला. तिथूनच त्याने हळहळत सांगितलं, "दिवा लागलेला नाही गं! नेमका आज काजळीचा पत्ता नाही. जरा नांगरट करून गाळणी आणू का भरून?"

"आण," चादरी गोळा करत लाडोना म्हणाली. "आणि दिवा लागला की 'आत्ता नको' म्हणू नकोस. तडक घरी ये."