सामंत सरांची स्कूटर

सामंत सरांचा फोन आला तेव्हा गुणाजी घाडी दोन महिने गावी राहून नुकताच परतला होता आणि खांद्यावर टॉवेल टाकून अंघोळीला निघाला होता.

“गुणाजी, फ्लॅटची चावी मिळाली रे, एकदाची!” सर म्हणाले. “रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघं येतो तुझ्याकडे. स्कूटर घेऊ आणि तिच्यावर बसूनच नव्या घरी जाऊ.”

“या की सर. गाडी एकदम सेफ आहे,” गुणाजी म्हणाला आणि फोन ठेवून, गाडीवरची धूळ तरी झटकावी म्हणून गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्यात गेला.

दिंडोशीला गुणाजीचं भंगारचं गोडाऊन होतं. चार वर्षांपूर्वी सरांची बिल्डिंग पाडली तेव्हा सर मुलुंडला भाड्याने राहायला गेले. तिथे गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी आपली आकाशी रंगाची जुनी स्कूटर या जुन्या विद्यार्थ्याकडे ठेवली. गुणाजीने ती मागच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. ताडपत्री अजून तिथेच होती. त्याने ती उचलली. खाली शाळेचे मोडके बाक होते. साठेक तरी असतील.

“रत्ना!”

त्याची बायको रत्नप्रभा पुढच्या बाजूला वॉशिंग मशीनच्या डब्याला भोकं पाडून दिवा बनवत बसली होती. घाडींच्या संसारातली वाटणी सरळ होती. गुणाजी फोडायचा आणि रत्नप्रभा जोडायची. लोकांनी टाकलेल्या वस्तूंतून ती अशा काही चिजा बनवायची, की टाकणारेच पुन्हा येऊन त्या घेऊन जायचे.

“हयसर सरांची स्कूटर होती. ती खय गेली?”

“ती? ती मी फोडलंय.”

“फोडलंय म्हणजे?”

“म्हणजे फोडलंय! भंगारवाले आसव आपण. तुमी गावाक गेल्यात, हकडे शाळेचे बाक इले, ठेवूक जागा नाय. मगे काय डोक्यार ठेवू?”

“अगो, पण ती सरांची गाडी!”

“सरांची गाडी म्हणानच सांगल्यात तुमी. सरांनी ती सांभाळूक दिल्यानी, ह्या कधी सांगल्यात?”

गुणाजीने आठवून पाहिलं. खरंच सांगितलं नव्हतं. तो एका मोडक्या बाकावर बसला. बाक एका बाजूला कलंडला, तसा तोही कलंडला.

“फोन करा आणि खरा काय ता सांगा,” रत्नप्रभा म्हणाली.

“कसा सांगू? दोनदा नापास झाल्यावर माझ्या बापाशीन माका मिलात लावूचा ठरवल्यान होता. सर घराकडे येऊन बापाशीक म्हणाले, एक वर्ष द्या. वर्षभर रोज संध्याकाळी फुकट गणित शिकवल्यानी. तेंका सांगू, तुमची गाडी फोडली म्हणान?”

रत्नप्रभेने हातातलं ड्रिल खाली ठेवलं. “मगे उठा. आज गुरुवार. तीन दिवस आसत.”

आपल्या हातातून गेलेली प्रत्येक वस्तू कुठे नांदतेय, हे तिला सासरी गेलेल्या मुलींसारखं पाठ होतं. चाकं गोडाऊनच्याच हातगाडीला होती, ती लगेच निघाली. हेडलाइट तर त्यांच्याच स्वयंपाकघरात ओट्यावर लटकत होता. पत्रा अजून माळ्यावर पडून होता. खरा प्रश्न उरलेल्या तीन ठिकाणांचा होता.

पहिलं ठिकाण म्हणजे नितेशचं सलून. रत्नप्रभेने स्कूटरची सीट आणि हँडल एका स्टँडवर बसवून लहान मुलांसाठी खुर्ची करून दिली होती. गुणाजी पोचला तेव्हा चारेक वर्षांचं एक पोर त्या सीटवर बसून “डुर्रर्र” करत होतं आणि त्याचे केस अर्धेच कापून झाले होते.

“नितेश, ही सीट मला परत पाहिजे.”

“काय बोलतोस, गुणाजीशेठ?” नितेशची कात्री हवेतच थांबली. “ही आल्यापासून एक पोरगं रडलं नाही इकडे. ही गेली तर माझी वाट लागेल, यार!”

“मी माझी ऑफिसातली खुर्ची देतो. फिरणारी.”

“फिरते?” पोराने विचारलं.

“गरागरा.”

“मग मला तीच पायजे,” असं म्हणून ते पोर खाली उतरलं, आणि खुर्ची येईपर्यंत अर्धे केस तसेच ठेवून दारात उभं राहिलं. त्याची आई गुणाजीकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर टाळण्यासाठी गुणाजी खुर्ची आणायला अक्षरशः धावत गेला.

दुसरं ठिकाण कमळआजींचं. स्कूटरच्या पुढच्या डिकीत रत्नप्रभेने माती भरून कुंडी बनवली होती आणि आजींनी तिच्यात नेमकी तुळस लावली होती.

“तुळस उपटायची?” आजींनी कानांवर हात ठेवले. “आज गुरुवार, उद्या शुक्रवार, परवा एकादशी. जिभेला काही हाड?”

गुणाजी हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात मागून रत्नप्रभा आली. तिच्या हातात तिच्या स्वतःच्या दारातलं तुळशीचं वृंदावन होतं.

“आजी, ही घ्या. सहा वर्षांची आहे. दर कार्तिकात लग्न लागलंय हिचं. तुमची पण हिच्याशेजारीच लावा, दोघी बोलत बसतील.”

आजींनी वृंदावन चारी बाजूंनी निरखलं, मंजिऱ्या मोजल्यासारखं केलं आणि आपली तुळस स्वतःच्या हाताने मुळासकट काढली. डिकीतली माती तेवढी गुणाजीच्या सदऱ्यावर पडली.

तिसरं ठिकाण लांबचं होतं. इंजिन गोराईला गेलं होतं. कुंडलिक नावाच्या माणसाने त्यावर पंप बसवून वांग्यांच्या वाडीत विहिरीचं पाणी खेळवलं होतं. शुक्रवारी गुणाजी बोरिवलीच्या जेट्टीवरून फेरीबोटीने पलीकडे गेला.

“इंजिन नेतोस?” कुंडलिक म्हणाला. “मग माझ्या वांग्यांनी काय बाटलीतलं पाणी प्यायचं?”

गुणाजीने हे ओळखलंच होतं. गावच्या विहिरीसाठी घेऊन ठेवलेला कोरा करकरीत पंप तो बरोबर घेऊन आला होता. तो पाहून कुंडलिकने पाच मिनिटांत इंजिन सोडवून दिलं. वर चार वांगीही दिली.

परतताना बोटीत गुणाजी मांडीवर पोतं घेऊन बसला होता. शेजारी माशांच्या टोपल्या घेऊन एक कोळीण बसली होती. बराच वेळ तिने सोसलं, मग नाकाला पदर लावला.

“काय आहे रं भावा पोत्यात? काय वास मारतंय! जरा तिकडं सरक.”

माशांच्या दोन टोपल्यांनी गुणाजीला वासावरून उठवलं होतं. तो मुकाट्याने बोटीच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

शनिवारी दिवसभर नवरा-बायको जोडत बसले. गुणाजीचा हात फोडण्याला सरावलेला, त्यामुळे तो एक नट लावायचा आणि सवयीने दोन काढायचा. शेवटी रत्नप्रभेने त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याला रंग लावायला बसवलं. आकाशी रंग मिळाला नाही, त्यामुळे स्कूटर जरा हिरवट दिसायला लागली. संध्याकाळी सत्ताविसाव्या किकला ती खोकली, धूर ओकली आणि चालू झाली. गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुरामुळे, पण सगळंच काही धुरामुळे नाही.

रविवारी दहाच्या ठोक्याला सर आणि त्यांच्या पत्नी वनमालाबाई रिक्षातून उतरले. सरांनी नवी टोपी घातली होती. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. गुणाजीने ताडपत्री ओढली.

पेपर तपासताना भलतंच उत्तर दिसलं की सरांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

“अगं बाई,” वनमालाबाई हळूच म्हणाल्या. “ही आहे अजून?”

सरांनी गुणाजीचा दंड धरला आणि त्याला बाकांच्या मागे नेलं.

“गाढवा,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “मी गाडी कुठे ठेवली होती?”

“माझ्याकडे, सर.”

“म्हणजे कोणाकडे? भंगारवाल्याकडे! बँकेच्या लॉकरमध्ये नाही. वर्षभर तुला गणित शिकवलं मी, आणि तुला एवढं उत्तर काढता आलं नाही?”

गुणाजीचं तोंड उघडंच राहिलं.

“सासऱ्यांनी दिलेली गाडी,” सर म्हणाले. “हिचा जीव त्या गाडीत. मोडीत काढू असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? आता माझे गुडघे किक मारण्याचे राहिलेत का? मला वाटलं, चार वर्षांत तू फोडून टाकशील, मी तुला हिच्यासमोर दोन शब्द बोलेन, आणि आम्ही दोघं मिळून हळहळू.”

“सर,” गुणाजी कसाबसा म्हणाला, “फोडली होती.”

“काय?”

“रत्नानं फोडली होती. गुरुवारी तुमचा फोन आला. तीन दिवस गोराईपर्यंत फिरून सगळी परत जोडली.”

सरांनी टोपी काढली आणि कपाळावर हात मारला. “जोडलीस कशाला, मेल्या!”

तेवढ्यात पलीकडून रत्नप्रभेचा आवाज आला. इतका वेळ ती आणि वनमालाबाई स्कूटरपाशी डोक्याला डोकं लावून काहीतरी कुजबुजत होत्या.

“सर, एक सांगायचं राहिलं. गाडीला ब्रेक नाहीत. तशीच न्यायची तर न्या.”

“नको!” सर म्हणाले.

“नको गं बाई!” त्याच क्षणी वनमालाबाईही म्हणाल्या.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तुला हवी होती ना ती?” सरांनी विचारलं.

“मला? अहो, मी पंचवीस वर्षं तिच्यावर मागे बसून रामरक्षा म्हणत होते. तुमचा जीव तिच्यात आहे, म्हणून गप्प बसले!”

सर असे हसत सुटले, की त्यांना बाकावर बसावं लागलं. बाक कलंडला. बाईंनी त्यांना धरलं आणि त्याही हसायला लागल्या. गुणाजीच्या छातीवरचा गुरुवारपासूनचा धोंडा खाली पडला. त्याने सगळ्यांसाठी चहा मागवला. कुंडलिकची चार वांगी नव्या घरच्या पहिल्या भाजीसाठी बाईंच्या पिशवीत घातली. सर आणि बाई दोघं रिक्षाने नव्या घरी गेले. जाताना सरांनी रिक्षातून हात बाहेर काढून इतका हलवला, की मागचा बाइकवाला वळणार समजून थांबला.

गोडाऊनमध्ये शांतता झाली. रत्नप्रभेने पाना पुढे केला.

“घ्या. आता तुमच्याच हातान फोडा.”

गुणाजीने पाना घेतला. स्कूटरभोवती एक फेरी मारली. आपण लावलेल्या हिरवट रंगावरून बोट फिरवलं. पाना खिशात टाकला.

“आज नको.”

“मगे कधी?”

“बघूया.” त्याने किक मारली. आज मात्र पहिल्याच किकला गाडी चालू झाली. “बसतंस? आवारातल्या आवारात एक फेरी.”

रत्नप्रभा पदर खोचून मागे बसली. स्कूटर फटफटत रद्दीच्या ढिगाला वळसा घालून निघाली. गुणाजीला वारा लागत होता, बरं वाटत होतं, आणि समोर शाळेचे साठ बाक जवळ येत होते. मग त्याला एकदम आठवलं.

“रत्ना! गाडीक ब्रेक नाय मा?”

“आसत हो. मी काय ब्रेक लावूक इसरान?” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “बाई माका म्हणाली, बाय, कायतरी सांग, पण माका तिच्यार बसव नको. म्हणान बोललंय मी खोटा.”

गुणाजीने ब्रेक दाबला. बाकांच्या वीतभर अलीकडे गाडी गपकन थांबली.