मशीन माही, परवानगी कोणाची?

"मशीन माही, कॉम्प्युटर माहा, अन् हा मलेच म्हणते परवानगी नाही!" बिल्कीसआपांनी टेबलावर हात आपटला.

अकोल्यातल्या शाळांच्या गणवेशांवर बोधचिन्ह भरून देणारी त्यांची भरतकामाची मशीन सकाळपासून मुकी होती. आदल्या दिवशी कॉम्प्युटरनं अपडेट घेतलं आणि आज सुई हलेना. सोमवारी शाळा उघडणार होती. दोनशे खिसे कापून त्यांचा टेलर भाऊ नईम शेजारच्या दुकानात वाट पाहत होता.

आपांनी अमरावतीला मशीनची इंजिनिअर प्रणाली हिला फोन लावला.

"आपा, कॉम्प्युटरचा गाभा असते ना, कर्नल, तो मशीनच्या चिपले कोणालेच हात लावू देत नाही," प्रणाली म्हणाली. "त्याच्यात एक छोटा प्रोग्राम बसवा लागते, मॉड्यूल. अपडेटनंतर जुनं चालत नाही. मी नवीन पाठवलं, पण त्याच्यावरची सही तो ओळखत नाही."

"सही? दहा वर्षं मी याले पोसून राहिली, अन् सही दुसऱ्याची पायजे?"

"एकदा रीस्टार्ट करा. निळा पडदा येईन. तिथं मी सांगते तो पासवर्ड टाका, मंग ओळखते."

निळा पडदा आला. त्यानं पासवर्ड मागितला. आपांनी सरळ प्लग उपटला.

"पासवर्ड मांगून राहिला मेला! बँकवाले रोज सांगते, कोणाले देऊ नका!"

असं तीनदा झालं. शेवटी प्रणाली म्हणाली, "आपा, हात नका लावू. मी बसनं येते."

त्या दोन तासांत नईम स्वस्थ बसला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या ओळखीच्या एका कारखानदाराकडे अशीच मशीन होती. नईम त्याच्याकडून पेनड्राइव्ह घेऊन आला, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरला आणि सही तपासण्याची व्यवस्थाच बंद करून टाकली. पेनड्राइव्हमधलं मॉड्यूल विनातक्रार आत गेलं, पाठोपाठ त्या दुसऱ्या मशीनचं फर्मवेअर, म्हणजे सुई कशी हलवायची ते चिपला सांगणारा प्रोग्राम, चिपमध्ये. सुई धडाधड धावू लागली.

"पाहा! इंजिनिअरले जमलं नाही, टेलरले जमलं!" आपा म्हणाल्या.

बोधचिन्हातला दिवा आणि पुस्तक दोन्ही बाजूंनी सारखेच. त्यामुळे चाळीस खिसे होईपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग नईमनं एक खिसा उचलला आणि मान वाकडी केली. शाळेच्या नावाची अक्षरं उलटी होती. आरशात दिसावीत तशी.

तेवढ्यात प्रणाली दारात आली. आपा तिच्यावरच कडाडल्या, "मले अडवते अन् या पराया प्रोग्रामले आत घेते? हा कॉम्प्युटर हाय का गद्दार?"

प्रणालीनं सेटिंग उघडून पाहिलं, मग नईमच्या हातातला पेनड्राइव्ह. "कुलूप तर नईमभाईनं काढलं, आपा. तो बिचारा कोणाले अडवन? दुसऱ्या मशीनचं फर्मवेअर गेलं, डावं-उजवं फिरलं. नशीब समजा, सुई फ्रेमवर आपटली नाही. मशीनच गेली असती."

नईम गळ्यातली टेप गुंडाळू लागला.

प्रणालीनं सही तपासणारा पहारा पुन्हा चालू केला. निळ्या पडद्यावर पासवर्ड तिनं आपांनाच टाकायला लावला. आपांनी तो ओढणीआड हात लपवून टाइप केला. मग तिनं मूळ फर्मवेअर चिपमध्ये भरलं. पहिला सरळ खिसा बाहेर आला. फक्त डावं-उजवंच फिरलं होतं, याची खात्री करावी म्हणून प्रणालीनं एक उलटा खिसा भिंतीवरच्या आरशासमोर धरला आणि एकेक अक्षर वाचू लागली. तिचं बोट थबकलं.

"आपा, 'विध्यालय' असं असते का?"

आपांनी आरशात पाहिलं. मग सरळ खिसा पाहिला. तिथंही 'विध्यालय'च. डिझाइन त्यांचं स्वतःचं, तीन वर्षांपूर्वीचं. त्यावर हेडमास्तरांचा मंजुरीचा शिक्का. तेव्हापासून सहाशे पोरं ते छातीवर लावून अभ्यास करत होती.

"मास्तराले काहून दिसलं नाही?" आपा उसळल्या, पण आवाजात जोर नव्हता. कोणावर ओरडावं, हे त्यांना पहिल्यांदाच सुचेना.

नईमनं चाळीस उलटे खिसे उसवायला घेतले. आपांनी त्याचा हात धरला.

"राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्यात तरी चूक दिसत नाही."