अकरावं अंडं

रविवारी दुपारी साडेतीनला घड्याळं दुरुस्त करणाऱ्या रत्नपालला दोन गोष्टी एकदमच कळल्या. पाहुणे औंढ्याच्या स्टँडवर उतरले होते, आणि फळीवरचं घड्याळ गायब होतं.

घड्याळ साधंसुधं नव्हतं. रशियाच्या राजांसाठी सोनार घडवायचे, तसल्या अंड्याची ती नक्कल. निळी मीनाकारी, खड्यांची रांग आणि भोवती वेटोळं घातलेला सोनेरी साप. काटे नाहीतच. आकड्यांची पट्टी फिरायची आणि सापाच्या जिभेसमोर येईल तो आकडा, तेवढे वाजले. पाहुण्यांची पोर ऐश्वर्या रशियात डॉक्टरकी शिकली, तिथल्या घरमालकिणीनं निघताना ते हातात ठेवलेलं. हिंगोलीत आल्यापासून मात्र साप साडेदहावरच जीभ काढून बसला होता. नांदेडपर्यंतच्या सगळ्या घड्याळवाल्यांनी हात टेकले.

त्यात ऐश्वर्याचं स्थळ रत्नपालला सांगून आलं. तिचे वडील अमृतराव मास्तर नाक मुरडत म्हणाले, "घड्याळवाला? टाइम तर आता मोबाईलमधी दिसते!" तोड पोरीनंच काढली, "माझं घड्याळ त्याच्याकडं देऊ. चालू झालं तर चहा घेऊ, न्हाई तर घड्याळ घेऊन वापस." फोटोतलं तिचं हसू पाहूनच रत्नपाल विरघळला होता. आठ दिवस त्यानं जीव ओतला. धूळ काढली, तेल दिलं, चावी भरली. पण पौषाच्या थंडीत साप काही हलेना. आणि आता तर नापास व्हायलाही घड्याळ उरलं नव्हतं.

"माय, फळीवरचं निळं अंडं कुठं हाय?"

"ते व्हय? कोंबडीखाली," जनकाबाई पोहे भिजवत म्हणाल्या.

"कोंबडीखाली?"

"वरडतू काहून? सकाळी खुडूक कोंबडी बसवली. अंडी निघाली दहा. जोडीनं अंडी कोणी बसवते का? वर एक सुटं लागतेच. शेजारच्या पारुबाईला एक मागाया गेले, तर तिच्या घराला कुलूप. मंग ते शोभेचं ठेवलं. अकरा झाले. गिनती बराबर."

रत्नपालनं कपाळावर हात मारला आणि कोपऱ्यातल्या टोपलीत हात घातला. कोंबडीनं असा टोचा हाणला की बोटातून रक्तच आलं.

"उठवू नको तिला! पुन्हा बसायची न्हाई. दहा जीव वाया जातेन!"

तेवढ्यात दारातून "जय भीम" ऐकू आलं. ऐश्वर्यानं आत येताच आधी त्याचं बोट पाहिलं. "हे कशानं झालं?"

"कोंबडीनं."

"आन् घड्याळ?"

"तिच्याखालीच हाय."

अमृतरावांनी चष्मा काढून पुन्हा लावला. "आमी घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं का उबवायला?"

रत्नपाल पुन्हा टोपलीकडं वाकला. तोच टोपलीतून बारीक टिकटिक आली आणि मागोमाग टोले पडू लागले. कोंबडी फुगली, मान वाकडी करून तिनं पोटाखाली पाहिलं आणि आणखी दाबून बसली. टोले झाले अकरा.

"पहा," जनकाबाई म्हणाल्या, "गिनती बराबर."

अमृतरावांचा चेहरा खुलला. "वा! जमलं की तुमाला!"

गप्प बसला असता तर भागलं असतं. पण रत्नपालला ते जमेना. "न्हाई सर. धूळ मी काढली, पर तेल जाड पडलं माझ्याकडून. थंडीनं आळलं असन. तिच्या उबेनं अर्ध्या तासामागं सुटलं, म्हणून साडेदहाचे अकरा झाले. चालू केलं ते कोंबडीनं."

ऐश्वर्या खळखळून हसली. "चूक कबूल करणारा हा पहिलाच भेटला, पप्पा. एक जण तर म्हणाला होता, साप वारला!" आणि पर्समधून पट्टी काढून ती त्याच्या बोटाला गुंडाळू लागली. रत्नपालला वाटलं, अजून दोन-चार टोचे परवडले असते.

चहा झाला. अमृतराव उठले. "चला, द्या ते घड्याळ."

"आता कसं देता येईल?" जनकाबाई टोपलीसमोर उभ्या राहिल्या. "एकवीस दिवस कोंबडी हलवायची न्हाई."

"मंग मीच येत जाईन," ऐश्वर्या म्हणाली. "टाइम बघायला."

"अगं, टाइम तर मोबाईलमधी..." अमृतराव बोलता बोलता थांबले, पोरीकडं पाहिलं आणि खाली बसले. "अजून अर्धा कप चहा हाय का, बाई?"

दुसऱ्या दिवशी हे कळलं तशी पारुबाई पदराखाली अंडं घेऊन आली. जनकाबाईंनी ते परत तिच्या हातात दिलं.

"ऱ्हाऊ द्या. दहाचं काय होते ते होवो, माझ्या अकराव्यातून आधी सूनच निघून राहिली."