लोअर मॅडल्टनसाठी बायपास, नग एक

इंग्लंडातल्या लोअर मॅडल्टन या गावात बायपास या शब्दाला एकच अर्थ होता, आणि तो अद्याप बांधून व्हायचा होता. बंदराकडे जाणारे सगळे अवजड ट्रक गावच्या मुख्य रस्त्यावरून जात. रस्ता इतका चिंचोळा, की ट्रक आला की दारात उभ्या दुकानदाराने पोट आत घ्यायचं, असा रिवाजच पडला होता. ट्रक गावाबाहेरून जावेत म्हणून बायपास कृती समिती निघाली, तेव्हा खिळे-बिजागऱ्यांचं दुकान चालवणारे क्लेमंट टफनेल ऐन तारुण्यात होते. आता ते समितीचे अध्यक्ष होते, शिवाय सासरे आणि आजोबाही झाले होते. बायपास मात्र विचाराधीन होता.

मग एका सोमवारी शिडीवरून रंगाचा डबा काढताना त्यांच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "मिस्टर टफनेल, तीन ठिकाणी मार्ग बंद आहे. आता बायपासशिवाय गत्यंतर नाही."

"हेच तर मी जन्मभर ओरडून सांगतोय," क्लेमंट म्हणाले.

शेजारी त्यांच्या पत्नी म्युरिअलबाई बसल्या होत्या. "क्लेम," त्या म्हणाल्या, "ते तुझ्या छातीबद्दल बोलतायत."

नेमकं त्याच वर्षी जिल्ह्याने काटकसर म्हणून आरोग्य, रस्ते, कचरा आणि वाचनालयं यांचं मिळून एकच एकात्मिक सेवा कार्यालय केलं होतं. फोन एक, आणि तो उचलणारं यंत्रही एक.

"आपली गरज कृपया एका शब्दात सांगा," यंत्र म्हणालं. क्लेमंटनी सांगितली. यंत्राने गाव विचारलं, तेही सांगितलं.

"धन्यवाद. लोअर मॅडल्टन, बायपास, नग एक. ही मागणी आमच्याकडे पूर्वीच नोंदलेली आहे. पुन्हा फोन केल्यास विलंब होऊ शकतो."

काही आठवड्यांनी पिवळं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट अशा पोशाखात मिस ओकशॉट नावाच्या अधिकारीबाई जागेच्या पाहणीसाठी आल्या. जागा सोफ्यावर घोंगडी पांघरून बसली होती. हेल्मेट न काढता त्यांनी चहा घेतला आणि प्रश्न सुरू केले.

"पर्यायी मार्गासाठी जागा कुठून संपादित करणार?"

"पायातली शीर काढून इथे जोडतात म्हणे," क्लेमंट म्हणाले.

"पायाच्या मालकाची संमती?"

"पाय माझाच आहे."

"एकट्याचा? की पत्नीबरोबर सामाईक?"

क्लेमंटनी बायकोकडे पाहिलं. "सामाईकच म्हणायचा, वर्षानुवर्षं मीच चोळून देतेय," म्युरिअलबाई म्हणाल्या. मिस ओकशॉटनी 'हक्क वादग्रस्त' असं लिहून घेतलं.

"त्या परिसरात कुठे पाणी साचतं का?"

"संध्याकाळी घोट्याला सूज येते जराशी."

"हंगामी पाणथळ जागा," मिस ओकशॉट पुटपुटल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा काळजीने भरून आला. "मग जनसुनावणी घ्यावीच लागेल."

जनसुनावणी चर्चच्या सभागृहात झाली. गाव लोटलं होतं. चहा होता, बिस्किटं होती. समोर फळ्यावर क्लेमंटच्या हृदयाचा आराखडा टांगला होता आणि त्यावर उत्तर दिशा दाखवली होती. मिस ओकशॉटनी प्रास्ताविक केलं. आनंदाची गोष्ट अशी, की लोअर मॅडल्टनला बायपास मंजूर झाला आहे. मात्र मंजुरी एका नगाची आहे. तो रस्त्याला द्यायचा की मिस्टर टफनेल यांना, हे स्थानिकांनी ठरवावं. लोकशाही आहे.

चहागृहाचे मालक रेजिनाल्ड बेडोज आधी उठले. क्लेमंटच्या दुखण्यात याच गृहस्थांनी रोज सूपचं भांडं पोचवलं होतं. "क्लेमंट मला सख्ख्या भावासारखा," ते म्हणाले. "त्याच्या बायपासला माझा तत्त्वतः पाठिंबाच आहे. पण व्यापक हित पाहायला नको का? रस्त्याचा फायदा साऱ्या गावाला. क्लेमंटच्या बायपासवरून जाणार कोण? एकटा क्लेमंट."

लोकांनी माना डोलावल्या. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या मिसेस पार्जेटर यांनी घोट्याबद्दल अभ्यासपूर्ण भाषण केलं. मागून कोणीतरी विचारलं, की मिस्टर टफनेल यांनी जरा कमी चालून जुन्याच मार्गावर भागवलं तर नाही का चालणार? प्रत्येकजण बोलण्याआधी क्लेमंटच्या खांद्यावर हात ठेवत होता. क्लेमंटना एकीकडे भरून येत होतं आणि दुसरीकडे घाम फुटत होता.

"रस्त्याच्या बाजूने हात वर करावेत," मिस ओकशॉट म्हणाल्या.

सभागृहभर हात वर झाले.

"क्लेम," म्युरिअलबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "हात खाली घे."

क्लेमंटनी वर पाहिलं. हात खरंच वर होता. "सवय गं," ते ओशाळून म्हणाले. पण तोवर मोजणी झाली होती. म्युरिअलबाईंचं एक विरोधी मत वगळता ठराव एकमताने मंजूर झाला, आणि क्लेमंटच्या त्यागाबद्दल गावाने उभं राहून टाळ्या वाजवल्या.

घरी पोचेपर्यंत ते तीनदा थांबले. दारात म्हणाले, "म्युरिअल, मला भीती वाटतेय गं." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. म्युरिअलबाईंनी त्यांचा कोट काढून खुंटीला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे दोन ट्रक समोरासमोर आले आणि रस्ता तुंबला. त्या गर्दीत, टफनेलांच्या दुकानापुढेच, जिल्हा रुग्णालयाचे हृदयशल्यविशारद लॅथबरी यांची हिरवी गाडी अडकली होती. ती रोजच अडकायची. म्युरिअलबाई घरातल्या सपाता घालूनच रस्त्यावर आल्या आणि त्यांनी काचेवर टकटक केलं.

लॅथबरींनी काच खाली केली. करतात काय? पुढे ट्रक, मागे ट्रक. म्युरिअलबाईंनी रिपोर्ट त्यांच्या मांडीवर ठेवले आणि वाहतूक सुटेपर्यंत बोलत राहिल्या. लॅथबरींनी रिपोर्ट वाचले, मग पुन्हा वाचले.

"यांना इतके दिवस कोणी आणलं कसं नाही? गुरुवारी घेऊन या," ते म्हणाले. "पण कार्यालयाची मंजुरी नसताना..."

"कार्यालयाला बायपास करू," म्युरिअलबाई म्हणाल्या.

शस्त्रक्रिया गुरुवारी झाली आणि उत्तम झाली. क्लेमंट पुन्हा शिडीवर चढू लागले. पुढे यथावकाश रस्ताही झाला. फीत कापायचा मान अर्थातच त्यांना मिळाला, आणि एका गावात दोन बायपास कसे, याची चौकशी मिस ओकशॉट यांच्याकडे सोपवण्यात आली. ती विचाराधीन आहे.

गावात आता कमालीची शांतता आहे. चहागृहात कोणी फिरकत नाही. मागच्या हिवाळ्यात रिकाम्या टेबलांकडे बघता बघता रेजिनाल्ड बेडोज यांच्या छातीत कळ आली. त्यांच्या पत्नीने फोन केला. लोअर मॅडल्टनला बायपास देण्यात आलेला आहे, असं यंत्राने सांगितलं. मग म्युरिअलबाईंच्या सल्ल्यावरून ती बिचारी रिपोर्ट घेऊन मुख्य रस्त्यावर उभी राहिली. क्लेमंट तिच्यासाठी दुकानातली खुर्ची घेऊन आले. दोघं दुपारपर्यंत वाट बघत होती. एकही गाडी आली नाही.

गाड्या सगळ्या नव्या रस्त्याने चालल्या होत्या, काचा वर करून. त्यांत लॅथबरी होते, आणि तुम्ही-आम्हीही होतो. रस्ता झकास झालाय, नाही का?