वाकरूळकरांच्या आईचं नाव

"मशिदीत फोन कर," वाकरूळकर काका जपानमधल्या कोबेच्या हॉस्पिटलात पलंगावरून म्हणाले. "सांग, शनिवारी प्रार्थनेत माझं नाव घ्या."

जयप्रकाश त्यांच्याकडे बघतच राहिला. काका कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग मशीद कुठून आली? काकांना ताप चढला असावा, असा अर्थ त्याने काढला आणि मान हलवली.

"नाव नीट सांग. शमुएल बेन लेआ."

"लेआ कोण?"

"माझी आई. बेन म्हणजे मुलगा. लेआचा मुलगा शमुएल."

जयप्रकाश आणखी काही विचारणार, तेवढ्यात नर्स आली. "वाकुरुरुकारु-सामा," असं जपानी आदराने म्हणत तिने काकांचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत जपानी जिभेला त्यांचं आडनाव काही पेललं नव्हतं. भेटायची वेळ संपली होती. जयप्रकाश बाहेर पडला.

या माणसाचं काम करायला तो कुठेही गेला असता. भूकंपानंतर कंपनीने त्याला सेंदाईहून कोबेला हलवलं, तेव्हा बायको स्नेहलता, कडेवर आर्या आणि दोन बॅगा घेऊन तो स्टेशनवर उतरला होता. ओळख ना पाळख, मराठी मंडळाचा निरोप मिळाला म्हणून काका घ्यायला आले होते. घरी नेऊन त्यांनी आपली झोपायची खोली या तिघांना दिली आणि स्वतः बाहेर चटईवर झोपले. जमीन जरा हलली की आर्या किंचाळायची, तेव्हा तिला मांडीवर घेऊन ते मराठीतून अंगाई म्हणायचे. त्यांची बायको रिबेका कोबेच्या आधीच्या मोठ्या भूकंपात गेली होती. तिला इथेच पुरलं होतं, म्हणून निवृत्तीनंतरही काका मुंबईला परतले नाहीत. मूलबाळ नव्हतं. पुढे गुडघे गेले, शनिवारी टेकडी चढून प्रार्थनेला जाणं संपलं, तिथली जुनी माणसं पांगली आणि नव्यांना काका माहीतच नव्हते.

जयप्रकाशने कोबेच्या मशिदीत फोन लावला. तिकडच्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आजाऱ्यासाठी जरूर प्रार्थना करू म्हणाले आणि काकांनी धर्म कधी बदलला याची आदराने चौकशी केली. बदललेला नाही, असं जयप्रकाशने सांगितलं. मग त्या भल्या माणसाने स्वतःच ज्यूंच्या प्रार्थनागृहाचा नंबर शोधून दिला.

घरी स्नेहलताने हे ऐकून कपाळाला हात लावला. तिचं माहेर अलिबागचं.

"अरे, आमच्याकडे ते लोक त्यांच्या देवळाला मशीदच म्हणतात. मला विचारायचंस तरी."

"मला काय माहीत? आणि दुसरं एक. त्यांनी नाव सांगताना वडिलांच्या जागी आईचं नाव सांगितलं."

"तापात होतं तसं. माझ्या आजोबांनी शेवटी शेवटी आईलाच हाका मारल्या होत्या."

जयप्रकाशने जन्मभर आपलं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव याच क्रमाने लिहिलं होतं. काकांच्या दारावरच्या पाटीवरही सॅम्युअल एझेकील वाकरूळकर असंच होतं. परक्या माणसांपुढे काकांचं हसं नको, म्हणून त्यांची चूक आपणच गुपचूप दुरुस्त करायची, असं त्याने ठरवलं. पुढचा सगळा घोळ या चांगुलपणातून झाला.

प्रार्थनागृहात फोन एलियास नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी घेतला. बोलणं इंग्रजीत झालं.

"रब्बी-सान, एक विनंती होती," त्यांना धर्मगुरू समजून जयप्रकाशने सुरुवात केली.

"मी रब्बी नाही. इथला कारभार बघतो. बोला."

"आमच्या काकांचं नाव प्रार्थनेत घ्यायचं होतं."

"कोहेन की लेवी?"

"नाही, वाकरूळकर."

"बरं. नाव काय? कोणाचे?"

"शमुएल बेन एझेकील," जयप्रकाश ठासून म्हणाला.

मग एलियास हिब्रूत काहीतरी पुटपुटले. आशीर्वाद असावा म्हणून जयप्रकाशने आभार मानले.

"केव्हा झालं?" एलियासांनी हळू आवाजात विचारलं.

"काल संध्याकाळी. घरातच पडले. ॲम्ब्युलन्सने नेलं."

"त्यांच्याजवळ आत्ता कोण आहे? त्यांना एकटं ठेवायचं नसतं."

"नर्स आहेत ना."

"सकाळी आम्ही येतो. कपडे आम्हीच आणू, काळजी करू नका."

अनोळखी आजाऱ्यासाठी कपडे आणणारी माणसं जगात आहेत, या विचाराने जयप्रकाशला भरून आलं. त्याने खोलीचा नंबर दिला. एलियासांनी मग ओळखीच्या एका भारतीय व्यापाऱ्याला कळवलं आणि व्यापाऱ्याने मंडळाच्या लक्ष्मीकांतला. लक्ष्मीकांत अशा बाबतीत फार तत्पर. सकाळी स्नेहलता काकांसाठी मऊ भात डब्यात भरत होती, तेव्हा त्याचा फोन आला.

"वहिनी, मोठा आधार गेला हो आपला," तो रडतच बोलत होता. "मी ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली टाकलीय. फोटो गणपतीतला टाकलाय, त्यात ते हसतायत."

स्नेहलताच्या हातातला डाव गळून पडला. दोघं टॅक्सीने हॉस्पिटलात पोचली. आर्या मध्ये बसून होती. तिने जपानीत एकदाच विचारलं, "काका मेले?" आईने डोळे पुसले, तशी तीही रडायला लागली.

खोलीचं दार उघडंच होतं. दाराशी काळ्या टोपीतले दोन म्हातारे उभे होते आणि त्यातल्या एकाच्या हातात घडी घातलेलं पांढरंशुभ्र कापड होतं. समोर पलंगावर काका बसून चमच्याने पेज खात होते.

"या," काका म्हणाले. "हे एलियास-सान. माझं कफन घेऊन आलेत. उंचीचा अंदाज जरा चुकलाय, आखूड होईल."

स्नेहलताने मटकन खुर्चीत बसून तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. आर्या सरळ पलंगावर चढली. एलियासांनी जयप्रकाशकडे वळून विचारलं, "तुम्ही त्यांच्या वडिलांचं नाव का सांगितलंत?"

"आमच्यात तसंच सांगतात."

काकांनी चमचा खाली ठेवला. "अरे वेड्या, बापाचं नाव आमच्यातही लावतात. पण दुखण्यातून उठावं म्हणून प्रार्थना करताना आईचंच घेतात. पार जुन्या काळापासूनची रीत आहे. माणूस गेला की मग बापाचं. तू मला परस्पर बापाकडे पोचवलंस."

"चुकलो, काका."

"आणि कोहेन का म्हणून विचारलं तर काय सांगितलंस?"

"वाकरूळकर."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कोहेन म्हणजे जुन्या मंदिरातले पुजारी, लेवी म्हणजे त्यांचे मदतनीस. बापाकडून मुलाकडे येणारे हुद्दे ते. आमच्या पूर्वजांचं जहाज कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं म्हणतात. हुद्दे गेले समुद्रात. आम्ही नुसते इस्राएल. घाणे चालवून तेल काढणारे."

एलियासांनी कापडाची घडी पिशवीत खाली दडपली. आलोच आहोत तर शनिवारची वाट कशाला बघायची, असं म्हणून त्यांनी खिशातून छोटं पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्याच प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. मध्येच ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "शमुएल बेन लेआ."

काकांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रिबेका गेल्यापासून आपलेपणाने कोणी शमुएल म्हटलं नव्हतं," नंतर ते जयप्रकाशला म्हणाले. "सगळ्यांचा मी काका. आणि या जपान्यांचा वाकुरुरुकारु. माझी आई नागावच्या विहिरीवरून हाक मारायची, ते आठवलं."

काही दिवसांनी काका घरी आले. लक्ष्मीकांत हार घेऊन भेटायला आला आणि श्रद्धांजली मागे घेतो म्हणाला. "राहू दे," काका म्हणाले, "वाचली मी. तोंडावर कोणी एवढं चांगलं बोलत नाही." मग ते दर शनिवारी टॅक्सीने टेकडीवरच्या प्रार्थनागृहात जाऊ लागले. जयप्रकाश सोडायला जायचा आणि बाहेर बाकावर बसून राहायचा.

जूनमध्ये काका पुन्हा हॉस्पिटलात गेले. या वेळी पेजही घशाखाली उतरेना. एका सकाळी जयप्रकाश पोचला तेव्हा नर्सने पडदा ओढलेला होता आणि ती त्याच्यापुढे कमरेत वाकली. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. काकांचा हात अजून कोमट होता. तो धरून जयप्रकाश बराच वेळ बसला आणि मग त्याने एलियासांना फोन लावला.

"बोला, जयप्रकाश-सान. कसे आहेत आपले शमुएल?"

"त्यांचं नाव घ्यायचं होतं."

"घेऊ की. पण मागच्यासारखा घोटाळा नको. नीट सांगा. शमुएल बेन?"

आता त्याला सगळं नीट माहीत होतं. कोणतं नाव कधी घेतात, त्याचा अर्थ काय, सगळं. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "लेआ."

"छान," एलियास म्हणाले. मग त्यांना पलीकडून रडण्याचा आवाज ऐकू आला.

"केव्हा झालं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आत्ताच. माझं चुकलं, एलियास-सान. एझेकील म्हणायला हवं होतं. बेन एझेकील."

"असू द्या," एलियास म्हणाले. "दफनाच्या वेळी बापाचं घ्यायचंच आहे. मी येईपर्यंत लेआचाच राहू द्या."