निरुपद्रवी मटार

बेगोन्या स्वयंपाकघरात उभी राहून समुद्राचा कायदा म्हणू लागली, की इमारतीतल्या बायका नळ बंद करत. सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या आतल्या एकाच अरुंद चौकात उघडत, त्यामुळे ऐकू येण्याला इलाज नव्हता. परराष्ट्र सेवेच्या परीक्षेत आंतरराष्ट्रीय कायदा तोंडी असे. पिशवीतून ज्या क्रमांकाची गोटी निघेल तो विषय परीक्षकांसमोर न अडखळता म्हणायचा.

पूर्वी मटार सोलत तिचे बाबा ऐकत. हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून बेगोन्या एकाच वाक्यावर अडे. "परक्या जहाजाला किनाऱ्याजवळून निरुपद्रवीपणे जाता येतं. वाटेत थांबता येत नाही. अपवाद..."

"संकटात सापडलेल्याला मदत," वरच्या मजल्यावरून एन्कार्नाबाई सांगे. "अगं पोरी, आम्हाला पाठ झालं!"

खरी पंचाईत तीच होती. एन्कार्नाच्या चादरींचं पाणी तळमजल्यावरच्या रेमेबाईच्या सुकलेल्या कपड्यांवर टपकलं, तेव्हा पूर्वीसारखी नुसती शिवीगाळ झाली नाही.

"माझ्या हद्दीत प्रदूषण करतेस?"

"चादरी वाऱ्यानं चालल्यात. निरुपद्रवी आहेत."

"सकाळपासून लटकल्यात! चक्क नांगर टाकलाय. बेगोन्या, सांग हिला."

बेगोन्याला पुस्तक मिटून निवाडा द्यावा लागला. दोघींना तो अमान्य झाला आणि दोघींनी तिच्याशीच अबोला धरला.

परीक्षेच्या दिवशी मात्र दोघी दालनात हजर. तोंडी परीक्षा कोणालाही बसून ऐकता येई.

"एक शब्द सांगितलात तर मला बाहेर काढतील," बेगोन्या कुजबुजली.

"आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत?" रेमे म्हणाली.

दोघींनी मधली खुर्ची रिकामी ठेवली. शिपायानं विचारलं, तर एन्कार्ना म्हणाली, "तिथं फेर्मीन बसतो. हिचे बाबा." शिपायानं खुर्चीकडे पाहिलं आणि तो पुढच्या रांगेकडे वळला.

गोटी निघाली. समुद्राचा कायदा. बेगोन्या छान म्हणत गेली, जहाज किनाऱ्याजवळ आलं, "वाटेत थांबता येत नाही. अपवाद..." आणि थांबली.

एन्कार्नानं रुमाल तोंडात कोंबला.

कट्.

रेमेनं मांडीवरची पिशवी उघडली होती. खाली मान घालून ती मटार सोलत होती. कट्. कट्.

बेगोन्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "अपवाद, संकटात सापडलेल्याला मदत करण्याचा," ती म्हणाली, आणि मग शेवटच्या ओळीपर्यंत अडलीच नाही.

परीक्षकांच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, इथं हे काय चाललंय?"

रेमे उठली. एक दाणा घरंगळत टेबलाखाली गेला.

"आम्ही जातच होतो, साहेब. वाटेत जरा थांबलो."

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग बेगोन्याकडे.

"अपवाद मान्य," ते म्हणाले. "दाणा उचला मात्र."