शाळेत ठेवलेला खोकला

पाडव्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी रेशनच्या रांगेत माझा खोकला माझ्यापासून वेगळा झाला आणि गावच्या दक्षता समितीने त्याला चौदा दिवसांसाठी शाळेत ठेवलं.

खोकला जुना. मी एकतीस वर्षं गावात मिरची कांडप चालवलं. संकेश्वरी मिरचीची पूड छातीत बसते आणि बसली की उठत नाही. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलं होतं, ते मी लक्षात ठेवलं नाही. आजार म्हणून मी त्याच्याकडे कधी बघितलं नाही. माझं नाव दुंडाप्पा, पण वळणावर किंवा बाजारच्या गर्दीत लोक मला खोकल्यावरूनच ओळखायचे.

त्या सोमवारी फुकटचा तांदूळ आला होता. दुकानासमोर चुन्याने गोल आखले होते. एका गोलात एक माणूस. कुणी खोकलं की लोक त्याच्याकडे चोर सापडल्यासारखे बघायचे ते दिवस. म्हणून मी दोन तास दाबून धरला. चौथ्या गोलापर्यंत पोचलो आणि तो बाहेर पडला. खोकला ऐकू आला की सगळ्यांनी सहा फूट मागं सरायचं, असा समितीचा नियम होता. सगळे सरले. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून मीही सरलो. खोकला गोलातच उभा राहिला.

तो दिसत नव्हता. पण तो तिथं आहे याबद्दल रांगेत कुणालाही शंका नव्हती. दोनदा व्हायचा, थांबायचा, परत दोनदा व्हायचा.

ग्रामसेवक खोत आले. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं. त्यांनी तोंडावरचा रुमाल नीट केला आणि विचारलं, “कुणाचा आहे?”

“माझा.”

“आता तुम्हाला येतोय का?”

मी प्रयत्न केला. नुसती हवा आली.

“मग तुम्ही निरोगी,” भाऊसाहेब म्हणाले. “तुम्ही तांदूळ घ्या आणि घरी जावा. हा संशयित.”

कोतवाल काठी घेऊन पुढं झाला. खोकला सहा फूट अंतर ठेवून त्याच्यामागं गेला. त्याने कुठंही आडवंतिडवं केलं नाही. हातावर शिक्का मारायची पद्धत होती. खोकल्याला हात नसल्यामुळं शिक्का शाळेच्या भिंतीवर मारला, साधारण माझ्या तोंडाच्या उंचीवर.

मी तांदूळ घेऊन घरी आलो आणि उंबऱ्याशी थांबलो.

घरात तेव्हा दोघीच होत्या, बायको गंगव्वा आणि सून महादेवी. मुलगा पुण्यात अडकला होता. गंगव्वाला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, ते बंदमुळं पुढं गेलं. आमच्या घरात एक रीत आहे. सून आल्यापासून मी खोकल्याशिवाय उंबरा ओलांडलेला नाही. दोनदा खोकायचं आणि थांबायचं. आत सून पदर सावरते, पाट मांडते, गंगव्वा उठून बसते. मग मी आत. मी जेवलो की गंगव्वा जेवते. अकरा वर्षांत हे एकदाही चुकलं नाही.

मी कट्ट्यावर बसलो. थोड्या वेळाने महादेवी दारात आली.

“मामा, बाहेर का बसलाय? या की आत.”

“खोकलो नाही अजून.”

“मग खोका.”

“शाळेत आहे.”

तिने थोडा विचार केला. सून समजूतदार आहे. “तसंच या. मी बघितलंय तुमास्नी. पदर बी घेतलाय.”

“बघून आत यायचं असतं, तर खोकायची रीत कशाला पडली असती?”

ती आत वळली.

आतून गंगव्वाने विचारलं, “कोण हाय गं?”

“मामा आल्यात.”

“न्हाईत आले. आले असते तर मला ऐकू आलं असतं.”

मी कट्ट्यावरूनच म्हणालो, “मी आहे.”

मग गंगव्वा सुनेला म्हणाली, “कोण पावणं आलंय त्यास्नी सांग, मालक घरात न्हाईत.”

यात तिची चूक नाही. मी कमी बोलतो. एकोणपन्नास वर्षांत तिने माझा आवाज थोडा आणि खोकलाच जास्त ऐकला आहे.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महादेवीने ताट पुढं केलं की म्हणायची, “ते जेवल्याबिगर मी कशी जेवू?” सून सांगायची, मामा कट्ट्यावर जेवले. ती म्हणायची, कट्ट्यावर पावणा जेवला असंल. दिवसातून दोनदा वाटीभर आंबील घ्यायची, तीही औषधाची गोळी गिळायला.

तिसऱ्या दिवशी महादेवीने एक उपाय केला. तेव्हा कुणालाही फोन लावला की आधी सरकारी सूचना लागायची आणि सूचनेच्या आधी एक खोकला. महादेवीने फोन लावून सासूच्या कानाला धरला. गंगव्वाने तो पूर्ण ऐकून घेतला.

“ह्यो शिकल्याल्या माणसाचा हाय,” ती म्हणाली. “ह्यात मिरची न्हाई.”

शेजारचा विरुपाक्ष हे सगळं ऐकत होता. तो भिंतीपलीकडून म्हणाला, “दुंडाप्पा, माझा घे आठवडाभर. बिडीचा हाय, जरा वलसर हाय, पर चालंल.”

“नको.”

“लाजतोस काय लेका? पन्नास वर्सांचा शेजार हाय.”

“दुसऱ्याच्या खोकल्यानं मी माझ्या घरात जाणार नाही.”

“मग बस तसाच. आमचं काय जातंय, गल्लीची राखण तरी झाली.”

सहाव्या दिवशी आरोग्य केंद्राची आशाताई आली. शबाना मुल्ला तिचं नाव. घरोघर कपाळाला बंदूक लावून ताप बघत फिरायचं काम तिच्याकडे होतं. ती आत जाऊन आली आणि कट्ट्यापासून लांब उभी राहून म्हणाली, “आजीला ताप न्हाई. पर नाडी बारीक लागत्या. अजून चार दिवस पोटात अन्न गेलं न्हाई तर तालुक्याला न्यावं लागंल. आणि तितं आता संगं कुणाला घेत न्हाईत. एकटीलाच आत.”

डोळ्यांनी दिसत होतं तेव्हाही गंगव्वा तालुक्याला एकटी गेलेली नाही.

मी पंचायतीत गेलो. दारात दोरी बांधली होती. भाऊसाहेब दोरीच्या आत, मी बाहेर.

“खोकला एका संध्याकाळपुरता सोडा,” मी म्हटलं. “उंबऱ्याशी दोनदा होऊ दे. बायको जेवली की मी स्वतः परत आणून देतो.”

“तशी तरतूद नाही. माणूस असता तर हमीपत्रावर विचार केला असता. खोकल्याची हमी कोण देणार?”

“मी.”

भाऊसाहेबांनी कागद काढला. “अर्जदाराचं संशयिताशी नातं?”

मी आठवून बघितलं, नात्याचं नाव सापडलं नाही.

“मुलगा लागतो का? भाऊ?”

“माझ्यात राहायचा.”

“भाडेकरू लिहू?”

“घरचा आहे.”

“घरचा हे नातं नाही, दुंडाप्पा. घरातले सगळेच घरचे असतात.” त्यांनी कागद परत ठेवला. “वाईट वाटून घेऊ नका. पलीकडच्या गल्लीतला ड्रायव्हरही असाच आला होता. त्याला तर हसूही येत नाही आता, हसताना त्याला खोकला लागायचा म्हणे.”

“मला हसायचं नाही. आत जायचंय.”

“चौदा दिवस भरू द्या.”

शाळा वाटेवरच. खिडकीतून बघायला परवानगी होती. चौथीच्या वर्गात चार खोकले ठेवले होते, प्रत्येकाला वेगळा गोल. एक शिंकही होती. शिंकेबद्दल परिपत्रक आलेलं नसल्यामुळं तिला व्हरांड्यात बसवलं होतं. माझा खिडकीजवळ होता. कोतवाल म्हणाला, तुमचा लई शिस्तीचा. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, एवढ्याच वेळेला होतो. मधे कुणाला तरास न्हाई. त्या माझ्या घरी यायच्या वेळा. मी थोडा वेळ उभा राहिलो. त्याने ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही.

नवव्या दिवशी गंगव्वाने उठून बसायचं सोडलं. कट्ट्यावरून मला तिची कूस बदलल्याची चाहूल यायची, तीही कमी झाली. मी दारातून हाक मारायला लागलो. जन्मात मारल्या नव्हत्या तेवढ्या हाका मी त्या दिवशी मारल्या. प्रत्येक हाकेला ती महादेवीला म्हणायची, “पावण्यास्नी पाणी दिलंस का?”

दहाव्या दिवशी शबाना घाईने आली. “आजोबा, नवीन आदेश आलाय. लक्षणं बारीक असली तर उरल्यालं दिवस घरात काढता येत्यात. स्वतंत्र खोली पायजे फक्त. हाय का?”

“मागची मिरचीची खोली आहे.”

“पोती हायत का तितं?”

“चार.”

“असू द्यात. त्याला सवय असंल.”

संध्याकाळी सातला कोतवाल खोकल्याला घेऊन आला. मागून भाऊसाहेब, काखेत वही आणि दारावर लावायचा कागद. गल्लीतल्या बायकांनी दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. शाळेतून सुटणाऱ्यासाठी तशी पद्धत पडली होती. मी कट्ट्यावरून उठून बाजूला झालो.

खोकला उंबऱ्याशी आला. दोनदा झाला आणि थांबला.

आत पाट सरकल्याचा आवाज आला. महादेवीने पदर डोक्यावर घेतला. आणि गंगव्वाचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. “आले बघ. कुठं गेला हुता इतकं दिस? ताट वाढ गं आदी त्यास्नी.”

खोकला आत गेला. पाटासमोर ताट मांडलं. थोड्या वेळाने ते उचललं, आणि गंगव्वाचं मांडलं. मी दाराच्या बाजूला उभा होतो. भाकरी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. सात-आठ घास झाले असतील, ती म्हणाली, “अर्दी आनी दे.”

भाऊसाहेबांनी दारावर कागद चिकटवला आणि वही उघडली. “या घरात माणसं किती?”

महादेवी दारात आली होती. “तीन. सासूबाई, मी, आणि मामा.”

“मामा म्हणजे दुंडाप्पा. आत, विलगीकरणात.” त्यांनी लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं. “आणि हे?”

महादेवीने माझ्याकडे बघितलं, मग आत बघितलं.

“असं बघा,” भाऊसाहेब मला म्हणाले. ते समजावून सांगतात, तसा त्यांचा स्वभाव चांगला आहे. “तुम्ही दुंडाप्पा असाल, तर आतला बाहेरचा ठरतो. एका नावावर दोघं दाखवता येत नाहीत. मग त्याला आत्ताच परत शाळेत न्यावं लागेल. माझा नाइलाज आहे.”

आत गंगव्वा खोकल्याला सांगत होती, की इतके दिवस कट्ट्यावर कोण एक पाव्हणा येऊन बसला होता, दुसऱ्याच्या बायकोला हाका मारायचा, पण माणूस वाईट वाटला नाही.

“मी बाहेरून आलोय,” मी म्हणालो.

“कुठून?”

“रेशनच्या रांगेतून.”

त्यांनी लिहिलं. “नाव?”

“रकाना मोकळा ठेवा.”

“बाहेरून आलेल्याला चौदा दिवस शाळा. माहीत आहे ना?”

“वाट माहीत आहे.”

महादेवीने आत जाऊन डबा भरून आणला आणि कट्ट्याच्या कडेला ठेवून दोन पावलं मागं झाली. “मामा,” ती म्हणाली आणि थांबली. आत मामा होते. “आता तुमास्नी काय म्हनू?”

“काही म्हणू नकोस. तिला रोज दोन्ही वेळा गरम भाकरी दे. शिळी घालू नकोस.”

“व्हय,” ती म्हणाली. पदर तिने काढला नाही, पण चेहरा फिरवला.

विरुपाक्ष भिंतीवरून बघत होता. त्याने मला विचारलं, “पावणं, कुटं निघालासा?” मी उत्तर दिलं नाही. पावण्याला उत्तर द्यावंच लागतं असं नाही.

शाळेत मला खिडकीजवळची जागा दिली. ती त्याच दिवशी मोकळी झाली होती. बाकीचे तीन खोकले आपापल्या गोलात होते, शिंक व्हरांड्यात. शाळा आमच्या घरापासून दोन गल्ल्या लांब आहे, आणि त्या दिवसांत गाड्या बंद असल्यामुळं गावात सगळं ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला कोतवालाने डबा आणून ठेवला. मी तो उघडला नाही, मांडीशी धरून बसलो. थोड्या वेळाने घराकडून खोकला आला. दोनदा, मग शांत. एका माणसाला पाटावर बसून नीट जेवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा मी थांबलो. मग आणखी तेवढाच थांबलो, गंगव्वाचं होईपर्यंत. ती सावकाश जेवते.

मग डबा उघडला आणि जेवलो.